दोष कोणाचा, भोग कोणाचा

[दृश्य : रणभूमी. मातीत तुंब्यापर्यंत रुतलेलं रथाचं चाक. आरे धरून ते वर ओढू पाहणारे दोन हात.]

महायुद्धाचा सतरावा दिवस. कर्ण रथातून खाली उतरलाय. चाक हलत नाही. समोर अर्जुनाने धनुष्य ताणलंय, आणि कर्ण त्याला म्हणतो, थांब, धर्म आठव, चाक निघेपर्यंत बाण सोडू नकोस.

अर्जुन काहीच बोलत नाही. उत्तर येतं कृष्णाकडून. एकवस्त्रा द्रौपदीला भर सभेत आणलं, तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? द्यूत न जाणणाऱ्या युधिष्ठिराला कपटाने जिंकलं, तेव्हा कुठे गेला होता? ‘क्व ते धर्मस्तदा गतः’. महाभारतात हा प्रश्न पुन्हा पुन्हा घणासारखा पडतो. कर्णाने मान खाली घातली, असं व्यास सांगतात.

हा प्रसंग वाचताना बहुतेकांचा जीव कर्णासाठी तुटतो, आणि तो तुटायलाच हवा. जन्मताच आईने नदीत सोडलेलं मूल. ‘सूतपुत्र’ म्हणून जन्मभर झालेली हेटाळणी. इंद्राने मागून नेलेली कवचकुंडलं. ऐन युद्धाच्या तोंडावर कुंतीने येऊन सांगितलेलं जन्माचं रहस्य. यातलं काहीही कर्णाने ओढवून घेतलेलं नव्हतं.

शापांची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. परशुरामांचा शाप मिळाला तो कुळाविषयी खोटं बोलल्यामुळे. आणि चाक रुतण्याचा शाप मिळाला तो हातून नकळत मारल्या गेलेल्या गाईमुळे. एक खोटं जाणूनबुजून बोललेलं, एक घात अजाणता घडलेला. भोगायच्या वेळी दोन्ही एकत्रच समोर उभे राहतात. मरणाच्या घटकेला कर्णाला अस्त्र आठवत नाही, आणि चाकही निघत नाही.

पण द्यूतसभेतल्या कर्णाला कोणता शाप होता? त्या दिवशी त्या सभेत आणखी एक माणूस होता. विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा भाऊ. भीष्म-द्रोण गप्प बसलेले असताना तो उभा राहिला आणि म्हणाला, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, मग द्रौपदीला पणाला लावण्याचा हक्क त्याला कुठून आला? ती जिंकली गेलेलीच नाही. या विकर्णाला पोरकट म्हणून खाली बसवणारा कर्ण होता. द्रौपदीला हीन शब्द वापरणारा कर्ण होता. पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं उतरवून घे, असं दुःशासनाला सांगणाराही कर्णच होता.

कर्णाच्या दुःखावर प्रेम करताना हे पान आपण पटकन उलटतो. माझ्या मते हा त्याच्यावरच अन्याय आहे, कारण त्याने स्वतः ते उलटलेलं नाही.

[दृश्य : रथात शेजारी शेजारी बसलेले कृष्ण आणि कर्ण. मागे हस्तिनापूर दूर जातंय.]

युद्धापूर्वी शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो. तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, आमच्याकडे ये, राज्य तुझं होईल, असं सांगतो. कर्ण नकार देतो. अधिरथ आणि राधेने आपल्याला वाढवलं, दुर्योधनाने आपल्या जिवावर हे युद्ध मांडलं, हे तो सोडू शकत नाही. शिवाय बजावतो की युधिष्ठिराला हे कळू देऊ नका. कळलं तर तो राज्य माझ्या हाती देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकेन. आणि याच बोलण्यात तो सांगतो : दुर्योधनाला खूश करण्यासाठी मी पांडवांना जे कडू शब्द बोललो, त्याचा आज मला पश्चात्ताप होतो.

त्याच्यापाशी सबबी किती होत्या! मला आधी त्यांनी हिणवलं, असं तो सहज म्हणू शकला असता. तो म्हणत नाही. कोणाला खूश करायला बोललो, तेही लपवत नाही. कर्ण मला मोठा वाटतो तो इथे.

[दृश्य : ओसाड माळ, वादळी आभाळ. दोन घोडेस्वार.]

शेक्सपिअरच्या मॅकबेथ या सेनापतीची तऱ्हा वेगळी. चेटकिणी त्याला सांगतात, तू राजा होशील. खून कर, असं त्या कुठेही म्हणत नाहीत. तो शब्द त्याच्या मनातून येतो. त्याचा सोबती सेनानी बँको त्याच्या शेजारीच उभा असतो. तुझे वंशज राजे होतील, असं भाकीत त्यालाही मिळतं. त्याच्याही मनात नको ते विचार येतात, आणि ते आवर, म्हणून तो देवाला विनवतो. मॅकबेथ मात्र आधी सगळा हिशेब नीट मांडतो : डंकन माझा नातेवाईक, माझा राजा, आज माझ्या घरचा पाहुणा, आणि वर भला माणूस. हे सगळं कळून तो सुरा उचलतो.

बायकोने भरीला घातलं हे खरं. पण पुढे बँकोवर मारेकरी घालताना तो तिला कळूही देत नाही. त्याची झोप उडते, ती हातावरचे न दिसणारे डाग धूत राहते. त्यांचे हाल बघवत नाहीत, तरी गुन्हा तसूभरही कमी होत नाही.

[दृश्य : तीन रस्ते मिळतात ती जागा. धूळ. उलटलेला रथ.]

ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या ईडिपसकडे आलं की सगळी मोजमापं डळमळतात. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, असं भाकीत ऐकून, ज्यांना तो आईबाप समजतो त्यांचं गाव, कॉरिंथ, तो सोडून पळतो. म्हणजे पाप टाळण्यासाठीच. तिठ्यावर एका म्हाताऱ्याशी वाटेवरून भांडण होतं, त्या रागात तो त्याला आणि त्याच्या माणसांना मारतो. तो म्हातारा त्याचा जन्मदाता असतो.

पुढे तो थीब्जचा राजा होतो आणि तिथल्या विधवा राणीशी, योकास्टाशी, लग्न करतो. ती त्याची आई असते. आधीच्या राजाला कोणी मारलं, हा तपास ईडिपस स्वतःच सुरू करतो, थीब्जमधली साथ थांबावी म्हणून. योकास्टा त्याला विनवते, पुढे विचारू नकोस. शेवटी त्याच्या जन्माचं गुपित ठाऊक असलेला म्हातारा धनगर म्हणतो, आता मला ते भयंकर बोलावं लागणार. ईडिपस म्हणतो, आणि मला ऐकावं लागणार, पण ऐकलंच पाहिजे. तो राजा आहे, धनगराचं तोंड बंद करणं त्याच्या हातात होतं.

मग योकास्टाच्या वस्त्रावरच्या टाचण्यांनी तो स्वतःचे डोळे फोडतो. लोक विचारतात, कोणत्या देवाने हे करवलं? तो म्हणतो, माझ्यावर ही दुःखं आणली अपोलोने, पण घाव घालणारा हात माझाच, दुसऱ्या कोणाचा नाही.

सोफोक्लीझने हा माणूस तिथेच सोडला नाही. आयुष्याच्या अखेरीस, नव्वदीच्या घरात, त्याने म्हाताऱ्या, आंधळ्या ईडिपसवर आणखी एक नाटक लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. 401 मध्ये, नातवाने रंगमंचावर आणलं. त्यात ईडिपस वेगळंच बोलतो : ती कृत्यं मी केली त्यापेक्षा मी भोगली. योकास्टाच्या भावाला, क्रेऑनला, तो विचारतो, तुझ्यावर कोणी जिवावर उठून धावून आला, तर आधी तू बाप आहेस का म्हणून चौकशी करशील का?

याला तो फिरला असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. हात आपला होता हे पहिल्या दिवशी ज्याने कबूल केलं, त्यालाच पुढे कधीतरी म्हणता येतं की एवढा दोष माझा नव्हता. हे उलट क्रमाने म्हटलं असतं, तर ती नुसती पळवाट झाली असती.

[दृश्य : वादळ. उघड्यावर एक म्हातारा राजा.]

शेक्सपिअरचाच लिअर राजा. गोड बोलणाऱ्या दोन मुलींना त्याने राज्य वाटून दिलं, खरं बोलणाऱ्या धाकट्या कॉर्डेलियाला हाकललं, आणि मग त्या दोघींनी त्यालाच उघड्यावर काढलं. तोही पावसात ओरडतो की मी केलं त्याहून माझ्यावर झालेला अन्याय मोठा आहे. ते खरंच आहे. पण थोड्याच वेळात, अंगावर धड कपडा नसलेल्या गरिबांची आठवण होऊन तो म्हणतो, राजा असताना मी यांची फारच कमी काळजी घेतली. पुढे तो कॉर्डेलियाला सांगतो, माझ्यावर राग धरायला तुला कारण आहे. ती म्हणते, काही कारण नाही, काही कारण नाही.

आणि तिलाच फासावर मरण येतं. हुकूम शत्रुपक्षाच्या एडमंडचा. मरताना एडमंड तो मागेही घेतो, पण माणूस पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. तिची काय चूक होती? खोटं गोड बोलली नाही, एवढीच.

प्रेक्षकांना हे सोसेना. 1681 मध्ये नेहम टेट या नाटककाराने नाटकाचा शेवट बदलला : कॉर्डेलिया जगते, एडमंडच्या भल्या भावाशी, एडगरशी, तिचं लग्न ठरतं, लिअरला राज्य परत मिळतं. इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षं हाच गोड शेवट चालला. सॅम्युएल जॉन्सनसारख्या कसलेल्या वाचकाने लिहून ठेवलंय की तिच्या मरणाचा धक्का एवढा होता, की नाटकाचं संपादन करायची वेळ येईपर्यंत ते शेवटचे प्रवेश त्याने पुन्हा वाचले नाहीत.

जॉन्सनची ती व्यथा मला समजते. पण टेटच्या शेवटात लिअरला आपल्या चुकीची काहीच किंमत मोजावी लागत नाही. मुलगी परत, मुकुट परत. शेक्सपिअरच्या नाटकात त्याला क्षमा मिळालेली असते, तीही पूर्ण मनाने, आणि तरीही त्याने पहिल्या अंकात जे मोडलं ते सांधलं जात नाही. 1838 मध्ये मॅक्रेडी या नटाने टेटची संहिता बाजूला ठेवून शेक्सपिअरचे शब्द पुन्हा रंगमंचावर आणले. आज जगभर लिअर होतो, तो त्याच शेवटासह.