धुपदाळचा गाळ आणि सायकलवरचा एक दिवस

घटप्रभा नदी एकच, पण तिच्यावरची ही दोन पाणी बघा. वर हिडकलचं धरण, ५१ टीएमसीचं, खोल, काठाला दगड. आणि खाली धुपदाळचा बंधारा, इंग्रजांच्या काळातला, १८९७ चा, ज्याच्या मागं शंभर वर्षांच्या वर गाळ साठत आलाय. बेळगावचे लोक पिकनिकला धरणावर जातात, मोठं पाणी दिसतं म्हणून. आम्ही सायकलवरनं एकाच दिवसात दोन्ही बघितलं आणि खरं सांगायचं तर हा सगळा व्हिडिओ त्या गाळासाठीच केलाय.

डिसेंबर महिना, त्यामुळं बेळगावातनं अंधारातच निघालो, काकती होनगा येईपर्यंत बोटं पार गारठलेली, ब्रेक दाबला तरी कळंना. वंटमुरी घाटाचा उतार छान मिळतो, पॅडल मारायचं कामच नाही, पण यमकनमर्डीला हायवे सोडून पूर्वेकडं वळलं की वारा थेट तोंडावर. थंडीत आपल्याकडं वारा पूर्वेकडनंच येतो, म्हणून गोकाकच्या दिशेनं जाणाऱ्यानं गिअर हलका ठेवून गप चालवत राहायचं, स्पीड बघायचाच नाही. वर हा उसाचा सीझन. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मोठ्यानं गाणी लावलेली, मागचं काही ऐकू येत नाही त्यांना, तेव्हा आपणच बाजूला थांबायचं.

रस्त्याच्या कडेची पिकं बदलतात ते सायकलवर फार नीट कळतं. बेळगावजवळ भाताची कापलेली शेतं, आणि इकडं येईपर्यंत काळी माती, ज्वारी, हरभरा, आणि जिथं कॅनॉल पोचलाय तिथं ऊस. पाऊस इकडं कमीच. हे जे पाणी आहे ते वरचं, चंदगडच्या घाटमाथ्यावरचं. ताम्रपर्णीचं पाणीसुद्धा घटप्रभेलाच मिळतं, आणि आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत शेवटी ह्याच नदीला येते. म्हणजे तिकडं जून-जुलैत धो धो कोसळलेलं इकडं डिसेंबरात पक्ष्यांच्या पायाखाली असतं.

हिडकलला फार वेळ थांबलो नाही. पाणकावळे होते, नदी सुरय होते, पाणी सुंदरच आहे, पण काठ उतरता आणि दगडी, त्यामुळं चिखलात चालून खाणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा कमी.

पाच्छापूरच्या पुढं एका टपरीवर चहा घेतला. तिथं बसलेल्या मामांनी आधी कन्नडमध्ये विचारलं, "एल्लिंद बंद्री?" म्हणजे कुठनं आलात, मग आमचं मराठी ऐकून म्हणाले, "बेळगावास्नं सायकलवर? आणि परत कसं जानार?" म्हटलं, "घटप्रभा स्टेशनला रेल्वे धरणार मामा." मग त्यांनीच सांगितलं की मोठी पाखरं सकाळच्याला हरभऱ्यात उतरत्यात, ऊन चढलं की पाण्याकडं जात्यात, तुम्ही आत्ता निघालासा तर गाठ पडंल.

आणि धुपदाळला पोचलो तर खरंच गाठ पडली. हे जे स्क्रीनवर दिसतायत ते कांड्या करकोचे, डेमॉइझेल क्रेन. क्रौंचांच्या जातीत सगळ्यात लहान, मान काळी, डोळ्यामागनं पांढऱ्या पिसांचा झुपका. मध्य आशिया, मंगोलिया तिकडनं हिमालय ओलांडून येतात आणि रात्र उथळ पाण्यात उभं राहून काढतात. पाणी घोट्याएवढंच लागतं त्यांना. कोल्हा, कुत्रं कुणी आलं तर पाण्याचा आवाज होतो आणि अख्खा थवा जागा होतो. खोल पाण्यात हे जमणारच नाही.

आता हा खालचा शॉट बघा, शेकाट्या. लाल काडीसारखे पाय, आणि चोच सुईसारखी चिखलावरनं फिरतेय, एक टिपला, दोन पावलं, परत टिपला. बंधाऱ्यामागं पावसाळ्याचं पाणी संथ होतं, बरोबर आणलेली माती तिथंच टाकतं, उथळ असल्यामुळं ऊन तळापर्यंत जातं, मग शेवाळ, किडे, गोगलगायी, सगळं तिथंच वाढतं. पलीकडं तो मुग्धबलाक गोगलगाय धरून बसलाय. त्याच्या चोचीत मधे फट असते, टोकानं शंखातलं मांस सैल करून ओढून काढतो, आम्ही दुर्बिणीतनं बघत होतो आणि कितीतरी वेळ कुणी बोललंच नाही.

सिंचनासाठी बांधलेला बंधारा, पक्ष्यांचा विचार त्यात कुठंच नव्हता. पण १९७४ मध्ये हा भाग घटप्रभा पक्षी अभयारण्य झाला, सुमारे ३० चौरस किलोमीटर, आणि माझ्या मते आपल्या भागातली ही सगळ्यात मोलाची जागा आहे, किल्ल्याइतकीच. ड्रोन आम्ही आणलाच नव्हता. अभयारण्यात परवानगी लागते ते आहेच, पण परवानगी मिळाली असती तरी उडवला नसता, कारण एकदा थवा बिथरून उठला की त्या लांबच्या प्रवासानंतर साठवलेली ताकद उगीच खर्च होते.

दुपारी गोकाकचा धबधबा केला. ५२ मीटरची उडी, पण डिसेंबरात पाणी बारीक असतं, पावसाळ्यातला तो आवाज आता नाही. झुलता पूल बघितला, करदंट ही तिथली मिठाई घेतली, आणि तसंच स्टेशनकडं वळलो.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, टायरमध्ये लायनर घाला कारण पाण्याकडच्या कच्च्या वाटांवर वेड्या बाभळीचे काटे आहेत, आणि निघायच्या आधी धुपदाळला कुणाला तरी विचारा की बंधाऱ्यात पाणी किती आहे. पातळी चढलेली असली की चिखलाचे पट्टे बुडतात आणि शेकाट्या, तुतवार सगळे दुसरीकडं जातात. मग चार दिवस थांबून गेलेलं बरं.