चावी खिशात, गाडी अंगणात

(दृश्य : रत्नागिरी. सकाळ. जांभ्याचं अंगण, पाण्याचा पाइप, पांढरी गाडी.)

आरशांकडे बघा.

गाडीत कोणी नाही. दारांना कोणी हात लावलेला नाही. तरी आरसे मिटतायत, उघडतायत, पुन्हा मिटतायत. इंडिकेटर लुकलुकतोय. कुलूप लागतंय, निघतंय, परत लागतंय.

पाइप धरलेले काका थांबले. त्यांनाही उमगेना. आम्ही कॅमेरा चालूच ठेवला.

याचं कारण काकांच्या लेंग्याच्या खिशात आहे. गाडीचा रिमोट. हँडलवर पाण्याची धार बसली की आतल्या सेन्सरला वाटतं, कोणीतरी हात लावला. गाडी विचारते, रिमोट जवळ आहे का? खिशातला रिमोट सांगतो, आहे. आणि कुलूप फिरतं. धार पुन्हा बसली की पुन्हा तेच.

ही विचारपूस ऐकू येत नाही, पण ती दर वेळी होते. दारांत आणि गाडीच्या आत छोट्या अँटेना बसवलेल्या असतात. त्यांचा संदेश जेमतेम मीटरभर पोचतो. रिमोट त्याला सांकेतिक भाषेत उत्तर देतो, तेही दर वेळी नवं. उत्तर जुळलं तरच दार उघडतं, आणि तरच बटन दाबल्यावर इंजिन चालू होतं.

रिमोट घरात ठेवा, असं सांगितल्यावर काका ओल्या पावलांनी पडवी ओलांडून आत गेले. आरसे शांत झाले. गाडी धुवायला घेतली की रिमोट आधी घरात. या घरात आता तो नियमच झालाय.

(दृश्य : भिंतीवरचा खिळा. त्यावर जुन्या गाडीची चावी.)

ही चावी काकांनी गाडी विकल्यावरही ठेवली. गाडी प्रीमियर पद्मिनी. मुंबईत काळी-पिवळी म्हणून धावायची तीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, रस्त्यावरून उतरली.

त्याही आधी गाड्या हँडल मारून चालू करत. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेवरचा स्टार्टर आला, तो चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने घडवला. चावी फिरवली की इंजिन चालू, ही सोय क्रायस्लरने १९४९ साली आणली. विसावं शतक संपता संपता मर्सिडीजने महागड्या एस-क्लासमध्ये चावी खिशातच राहू दिली. आज तीच सोय कोकणातल्या अंगणातल्या साध्या गाडीत आहे.

पण जुन्या चावीचं एक मोठं काम कोणाच्या लक्षात राहिलं नाही. गाडी बंद केल्याशिवाय ती निघायचीच नाही. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी म्हणजे पार्किंगवर आणल्याशिवायही नाही. चावी हातात आहे, याचा अर्थ गाडी बंद आहे. दुसरं काही तपासावं लागत नसे. वर्षानुवर्षं हातांना ही सवय होती, आणि बटन आलं त्या दिवशी ती मोडली. आता रिमोट खिशात असतो, तेव्हा गाडी बंदही असू शकते आणि चालूही.

(दृश्य : मैदान. चालकाच्या सीटवर काका, शेजारी गाडी शिकवणाऱ्या ताई.)

ताई काकांना बटन दाबायला लावतायत. ब्रेकवर पाय न ठेवता. एकदा दाबलं, रेडिओ लागला. दुसऱ्यांदा दाबलं, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले. इंजिन मात्र गप्प. तिसऱ्यांदा दाबलं, सगळं विझलं.

"काका, आता ब्रेक पूर्ण दाबा, आणि मग बटन."

इंजिन चालू.

बटन एकच, पण पाय कुठे आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो. गिअरच्या गाडीत ब्रेकच्या जागी क्लच, काहींत दोन्ही. काका वर्षभर ही गाडी चालवतायत, पण असं एकेक टप्पा थांबून त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं.

बंद करतानाचा क्रम ताई पाच वेळा करून घेतात. गाडी पूर्ण थांबली. पाय ब्रेकवर. हँडब्रेक. गिअर पी वर. मग बटन. मग डॅशबोर्ड काळा झाला का, ते डोळ्यांनी बघायचं. आणि मगच दार. पाचव्या वेळी त्या बोलत नाहीत. काकांचा हात बघा, आपोआप हँडब्रेककडे जातो.

हा क्रम चुकतो तो घाईत आणि फोनवर बोलताना. पेट्रोलचं इंजिन हल्ली इतकं शांत असतं की पंख्याच्या आवाजात ते चालू असल्याचं कळत नाही. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड तर मध्येच स्वतःहून गप्प होते आणि बॅटरी उतरली की स्वतःहून चालू. बंदिस्त गॅरेजमध्ये अशी चालू राहिलेली गाडी कार्बन मोनॉक्साइडने घर भरून टाकते. अमेरिकेत २००६ नंतरच्या बारा वर्षांत दोन डझनांहून अधिक माणसं अशी गेल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये मोजून दाखवलं.

ताई अजून एक गोष्ट शिकवतात, ती आम्ही मोकळ्या मैदानावर, अगदी कमी वेगात चित्रित केली. धावत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर? पाय ब्रेकवर, पूर्ण जोर लावून, एकदाच. ब्रेक सोडून सोडून मारायचा नाही. गिअर न्यूट्रलला. गाडी कडेला थांबली की बटन. न्यूट्रल पडतच नसेल, तर बटन दाबून धरायचं, बहुतेक गाड्यांत तीनेक सेकंद. काहींत ते पटापट तीनदा दाबलं तरी चालतं. आपल्या गाडीत काय आहे ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकही कडक लागतो, म्हणून आधी ब्रेक, मग बाकीचं. २००९ साली अमेरिकेत सॅन दिएगोजवळ पायाखालचं मॅट अडकून चौघे गेले. त्या गाडीचं बटनही तीन सेकंद धरावं लागणारं होतं. ताई उतरल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते एकावर एक टाकलेली मॅट काढण्याचं.

(दृश्य : रत्नागिरी रेल्वे स्टेशन. फलाट. गाडी सुटतेय.)

याच फलाटावर काका मुलाला सोडायला आले होते. येताना गाडी मुलाने चालवली. तो उतरला, इंजिन चालूच, काका चालकाच्या सीटवर आले. गाडीने टुंग टुंग केलं. काकांना वाटलं, पट्टा लावला नाही म्हणून. पट्टा लावला आणि निघाले.

रिमोट मुलाच्या जॅकेटमध्ये होता.

चालू इंजिन रिमोट दूर गेला म्हणून बंद पडत नाही. भर रस्त्यात ते बंद पडणं जास्त धोक्याचं, म्हणून ते तसंच बनवलेलं आहे. गाडी फक्त सूचना देते. काका पेट्रोल पंपावर थांबले, इंजिन बंद केलं, आणि मग काही केल्या ते चालू होईना. रेल्वे तोवर संगमेश्वरच्या पुढे गेली होती. कपाटातला दुसरा रिमोट घेऊन मावशी रिक्षाने आल्या.

त्या दिवसापासून चालक बदलला की "रिमोट कोणाकडे?" हे मावशी मोठ्याने विचारतात. आमच्या चित्रीकरणातही दोनदा आलंय.

(दृश्य : टेबलावर उघडलेला रिमोट. आत चकतीसारखा सेल.)

हा सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वर्ष-दोन वर्षं टिकतो. आधी लांबून दार उघडेनासं होतं, मग जवळूनही. सेल पूर्ण बसला तरी रस्ता असतो. रिमोटच्या कडेला एक बारीक खटका आहे. तो दाबला की आतून ही धातूची चावी निघते. तिने दार उघडायचं. मग ब्रेक दाबून, रिमोट थेट स्टार्टच्या बटनाला टेकवून बटन दाबायचं. रिमोटमधल्या चिपला तेवढ्यापुरती ताकद गाडीच देते. काही गाड्यांत यासाठी वेगळी खाच असते. काढलेला सेल लहान मुलाच्या हाती पडू देऊ नका, गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

आणि हा मावशींचा स्टीलचा डबा. रात्री दोन्ही रिमोट यात. दोन चोर, दोन यंत्रं. एक घराच्या भिंतीपाशी, एक गाडीपाशी. रिमोटचं उत्तर उचलून गाडीपर्यंत पोचवायचं आणि गाडी न फोडता न्यायची, अशा चोऱ्या होतात. डबा उपयोगी आहे का, याची परीक्षा मावशींनी कॅमेऱ्यासमोर केली. झाकण लावलेला डबा काखेत, हात हँडलवर. दार उघडलं नाही.

(दृश्य : वॉशिंग सेंटर. उन्हाच्या तिरिपेत बॉनेट.)

आता कॅमेरा जवळ नेऊ. अजून जवळ.

लांबून चकचकीत दिसणाऱ्या बॉनेटवर हे कोळ्याचं जाळं दिसतंय? हे हजारो बारीक ओरखडे आहेत. पिवळ्या फडक्याचे. रोज सकाळी, पाण्याशिवाय, प्रेमाने पुसल्याचे. जांभ्याची लाल धूळ मऊ वाटते, पण तिच्यात खडीचे कण असतात. कोरडं फडकं फिरवलं की तेच कण रंगावर घासले जातात. गाडीवर माया करणाऱ्या माणसाच्या हातून गाडीचं हे नुकसान व्हावं, याचं फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच या भागावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला.

वॉशिंग सेंटरचे दादा बॉनेटवर रंगाची जाडी मोजणारं मीटर टेकवतात. ११२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले ११२. पत्र्यावरचे सगळे थर मिळून एवढेच : गंज रोखणारा तळथर, प्रायमर, रंग, आणि वर पारदर्शक क्लिअरकोट. क्लिअरकोट साधारण चाळीस मायक्रॉन. माणसाचा केस याहून जाड असतो. चमक सगळी त्या थरात आहे, आणि पॉलिश करताना झिजतो तोही तोच. मागच्या दारावर मीटर टेकवलं : ३४०. म्हणजे इथे कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालंय, खाली पुट्टी आहे. काका मान हलवतात. हातखंब्याच्या वळणावरचं ते प्रकरण त्यांना आठवलंय.

दादांचे हात बघा. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली, धूळ स्वतःहून वाहून जाईपर्यंत. तोवर कापड नाही. गाडी सावलीत, बॉनेट गार झालेलं. उन्हात साबण वाळतो आणि डाग धरतो. दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवला, एक भाग धुतला, साध्या पाण्यात खळबळून माती सोडली, मग पुन्हा शाम्पू. दुसऱ्या बादलीचा तळ बघा. ही लाल माती एका बादलीत राहिली असती तर परत गाडीवरच गेली असती. भांड्यांचा साबण दादा वापरत नाहीत, तो मेणाचा थर काढून टाकतो. चाकांचं कापड वेगळं, आणि ते वर कधीच येत नाही. शेवटी मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्यायचं, रगडायचं नाही. बोअरच्या पाण्याचे थेंब तसेच वाळले तर पांढरे चट्टे उरतात.

पक्ष्याची विष्ठा नखाने काढायची नाही. ओलं कापड पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचला, पण त्याच दिवशी. आणि आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांसाठी : मोहराच्या दिवसांत तुडतुडे पानांवर गोड चिकटा सोडतात. तो टपावर पडतो, वर धूळ बसते आणि मग काळी बुरशी. कोमट पाणी, शाम्पू, आणि थोडा धीर.

(दृश्य : भाट्ये. खाडीवरचा पूल. नंतर जॅकवर चढवलेली गाडी, खालून.)

इथली हवा खारी आहे आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मीठ पाण्यात मिसळलं की गंज वेगाने धावतो. किनाऱ्यावरून आलेली गाडी त्याच दिवशी खालून धुवायची. चाकांच्या कमानी, सायलेन्सरचे हुक, दारांच्या खालच्या कडा.

आता हे बघा. दाराच्या खालच्या कडेला ही छोटी भोकं. काचेवरून आत उतरलेलं पाणी यातून बाहेर पडायला हवं. मातीने ती बुजलीयत. दादांनी केरसुणीचा हीर घेतला, हलकेच घातला.

(पाणी पडण्याचा आवाज. निवेदन थांबतं.)

जवळजवळ तांब्याभर पाणी. हे दारात किती दिवस होतं कोण जाणे. दार आतून कुजतं ते असं. वायपरखाली अडकलेली आंब्याची पानंही अशीच पाणी धरतात, तीही काढली.

शेवटी दादा चालकाच्या हँडलकडे वळतात. हँडलच्या टोकाला एक टोपी आहे. ती निघाली, आणि आत चावीचं भोक. काकांना ते ठाऊकच नव्हतं. रिमोटमधली चावी घातली. फिरेना. भोक कधी वापरलंच नाही, आणि खाऱ्या हवेत आतले भाग धरून बसले. गाडीची बॅटरी उतरली असती त्या रात्री आत जायचा हा एकच रस्ता होता. दादांनी वंगणाचे दोन फवारे मारले, चावी आत-बाहेर केली, थांबले, पुन्हा केली.

खट्.

काकांनी स्वतः एकदा फिरवून बघितली. मग परत. आता दर महिन्याच्या धुण्यात तेही आहे.

(दृश्य : संध्याकाळ. पहिली सर. बॉनेटवर थेंब.)

काका अंगणात आलेत. हँडब्रेक. गिअर. बटन. डॅशबोर्ड काळा. दार लावून ते वाकले आणि दाराच्या खालच्या कडेकडे बघत राहिले. एक थेंब पडला, मग दुसरा.

आतून मावशींचा आवाज येतो : "रिमोट कुठाय?"

(डब्याचं झाकण लागतं.)