वस्तरा उघडण्याआधी

भर चारचौघांत एखाद्याची खरडपट्टी निघाली, की ‘त्याची बिनपाण्याने केली’ असे आपण म्हणतो, आणि काय केली हे कोणालाही सांगावे लागत नाही. हा वाक्प्रचार ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला, त्याने कोरड्या गालावरून फिरणारा वस्तरा स्वतः सोसलेला असला पाहिजे.

समोर दिसते आहे ते दोन खुर्च्यांचे सलून आहे. सकाळचे आठ वाजले आहेत, पहिले गिऱ्हाईक खुर्चीत टेकले आहे, आणि त्याने रुमालात गुंडाळून घरून आणलेला स्वतःचा वस्तरा आरशाखालच्या फळीवर मिटून ठेवलेला आहे. पुढची आठ-दहा मिनिटे वस्तरा गालाला लागणार नाही. आपण पाहणार आहोत ती हीच आठ-दहा मिनिटे, कारण दाढी गुळगुळीत होणार की गाल दिवसभर चुरचुरत राहणार, याचा निकाल बहुतांशी त्यांतच लागतो.

पाण्याला हात लावण्याआधी कारागीर कोरड्या चेहऱ्यावरून बोटांची पेरे फिरवतो. गालावर केस साधारणपणे वरून खाली वाढतात. जबड्याखाली आणि गळ्यावर मात्र त्यांची दिशा माणसागणिक बदलते. कोणाचे केस आडवे कानाकडे जातात, कोणाचे खालून वर येतात, तर कोणाच्या गळ्याला चक्क भोवरा असतो. बोट ज्या दिशेने अडखळत नाही, ती केसांची सुलट बाजू. ही पाहणी कोरडेपणीच करावी लागते, कारण केस भिजून मऊ पडले की ते बोटाला फारसे जाणवत नाहीत, आणि फेसाखाली तर तीळ आणि पुळीही झाकली जाते. घरी स्वतःची दाढी करणारे बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि गळ्यावर उठणाऱ्या पुरळाचा दोष पात्याला देतात.

त्यानंतर पाणी. दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो कडक आणि चिवट असतो, परंतु पुरेसा वेळ मिळाला तर तो स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी शोषू शकतो. गंमत अशी, की पाणी प्यालेला केस लांबीने जेमतेम एक-दोन टक्के वाढतो, पण जाडीने १४-१५ टक्के फुगतो, आणि असा फुगलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा पुष्कळच कमी जोर लागतो. अट एकच, वेळेची. नुसता ओला हात फिरवून हे साधत नाही, कारण केसावर त्वचेतून पाझरलेल्या तेलाचा थर असतो आणि पाणी त्यावरून ओघळून जाते. म्हणून चेहरा आधी साबणाने धुतला जातो, मग गरम पाण्यात बुडवून पिळलेला पंचा जबड्याभोवती गुंडाळून दोन-तीन मिनिटे तसाच ठेवला जातो. पाणी मनगटाला सोसवेल इतकेच गरम असावे. वाफाळता पंचा कातडी लाल करण्यापलीकडे अधिक काही करत नाही.

वास्तविक या कामाला उत्तम वेळ आंघोळीनंतरची. आपल्याकडे मात्र आधी क्षौर आणि मग स्नान असाच रिवाज चालत आला, आणि दाढी करून आल्यावर आंघोळीशिवाय घरात कशाला शिवू नये, असे बजावणारी माणसे अजूनही आहेत. जुन्या न्हाव्यांनी त्यावरचा उपाय बोटांत शोधला होता. धोकटीत वस्तरा, कातर, नखे काढायची नराणी, धार लावायचा निसणा आणि छोटी वाटी घेऊन ते घरोघर जात, ओसरीवर गिऱ्हाइकासमोर उकिडवे बसत आणि वाटीतले पाणी बोटांनी गालांत जिरेपर्यंत चोळत राहत. साबण असे किंवा नसे. चोळणे चुकत नसे.

आता साबण. दाढीच्या साबणात बहुधा स्टिअरिक आम्लाचे सोडियम आणि पोटॅशियम असे दोन्ही क्षार असतात. सोडियममुळे वडीला घट्टपणा येतो, तर पोटॅशियममुळे साबण पाण्यात सहज सुटतो आणि फेस दाट होतो. अंगाच्या साबणाचा फेस भरभर येतो आणि तितक्याच भरभर बसतो, म्हणून तो इथे कामाचा नाही. पाण्याचाही गुण पाहावा लागतो. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्या पाण्यात फेसही धरत नाही, कारण त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून पांढरा चिकट साका तयार करतात. अशा गावी फेसापुरते तांब्याभर गोडे पाणी वेगळे ठेवलेले बरे.

हे जवळून पाहण्यासारखे आहे. डुकराच्या केसांचा ब्रश दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजला आहे. झटकून त्यातले गळते पाणी काढले, की तो अर्धा मिनिट वडीवर फिरतो आणि त्याच्या टोकांना लापशीसारखा साबण बसतो. मग वाटी. सुरुवातीला येतो तो मोठमोठ्या बुडबुड्यांचा भुसभुशीत फेस, आणि नवखा माणूस इथेच खूश होऊन थांबतो. कारागीर बोट पाण्यात बुडवून दोन-चार थेंब वाटीत सोडतो आणि घोटतो, पुन्हा थेंब सोडतो आणि पुन्हा घोटतो. मिनिटभराने आवाज बदलतो. आधीची फसफस थांबून ओला, दबका आवाज येऊ लागतो. बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात, फेसाला चकाकी येते, आणि ब्रश उचलला की शेंडा उभा राहून त्याचे टोक किंचित कलते, जसे चक्क्यात साखर पुरती विरघळल्यावर श्रीखंडाचे कलते. अंगठा आणि बोट यांच्यात थोडा फेस चोळून पाहावा: तो चिकट लागला तर पाणी कमी, बोटावरून ओघळला तर जास्त. डबा दाबून येणारा तयार फेस याहून कितीतरी फुललेला दिसतो, पण तो बराचसा वायूनेच फुललेला असतो आणि केसाला हवे असते ते पाणी.

फेस लावणे म्हणजे भिंतीला चुना फासणे नव्हे. चेहरा पुन्हा ओला करून ब्रश गोल गोल फिरवला जातो, त्यामुळे आडवे पडलेले केस उचलले जातात आणि प्रत्येकाच्या बुडाशी फेस पोचतो. हनुवटी आणि वरचा ओठ इथले केस सर्वांत राठ, म्हणून सुरुवात तिथे होते, म्हणजे त्यांना मुरायला सर्वांत जास्त वेळ मिळतो. गळ्यावर हात हलका राहतो. शेवटी रंगाऱ्यासारखे लांब हात मारून थर सारखा केला जातो. तो जाड नको. कातडीला धरून राहणारे ओले, निसरडे अस्तर पुरे.

आणि नेमका याच वेळी कारागीर गिऱ्हाइकाला सोडून वस्तऱ्याकडे वळतो. खुर्चीच्या हाताला अडकवलेला चामड्याचा पट्टा ताणून, पात्याची पाठ पुढे ठेवून, तो वस्तरा वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवतो. गिऱ्हाइकाला वाटते की आपण खोळंबलो आहोत. खरे तर फेसातले पाणी एवढा वेळ आपले काम करत असते. भारतात १९८६ साली एचआयव्हीची लागण प्रथम आढळली, आणि पुढे सलूनांतून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड लावण्याची पद्धत रुळली. ती रुळली हे उत्तमच झाले. परंतु ब्लेडला धार लावावी लागत नाही, म्हणून पट्टा गेला आणि पट्ट्याबरोबर ती दोन मिनिटेही गेली; आता पुष्कळ ठिकाणी फेस लागतो न लागतो तोच पाते टेकते.

इथे पट्टा भिंतीकडे सरकवून कारागीर आधी पंखा बंद करतो. उन्हाळ्यात हे कोणाला आवडत नाही, पण पंख्याखाली फेस कडेने वाळतो, त्याची चकाकी जाऊन पापुद्रा धरतो, आणि वाळक्या फेसावर वस्तरा फिरवणे म्हणजे पुन्हा बिनपाण्याचीच. उजव्या कानशिलापाशी ओल्या ब्रशाचा एक हात आणखी फिरतो. डाव्या अंगठ्याने कातडी वर ताणली जाते, वस्तरा उघडतो, पाते गालाशी साधारण ३० अंशांवर टेकते आणि खाली येऊ लागते. खरखर ऐकू येत नाही. ओल्या कागदावरून नख फिरावे, तेवढाच आवाज आहे.