मनगट वाकलं की मूठ का सुटते?

सगळ्यांनी जरा उजव्या हाताची मूठ आवळा, एकदम घट्ट. आता ती तशीच ठेवून मनगट आतल्या बाजूला वाकवा, जेवढं जातंय तेवढं. सुटली ना पकड? मागच्या रांगेतले काका हसतायत, म्हणजे त्यांचीही सुटली.

बोटं मिटवणारे मोठे स्नायू तळहातात नसतातच मुळी, ते कोपराजवळून निघतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात, त्यामुळे मनगट आत वाकवलं की ते आधीच आखूड झालेले असतात आणि वर आपण त्यांना म्हणतो, अजून आखूड व्हा नि जोर लावा. कुठून लावणार? (बोटं उघडणारे मागचे स्नायूही तेव्हा ताणले जाऊन बोटं मागे खेचतात, तो हिशोब वेगळा.)

आपल्या डोक्यात स्नायू म्हणजे रबर असतं, जेवढं ताणाल तेवढा जोर. तसं नाहीये. स्नायूच्या एका तंतूत हजारो सार्कोमियर, म्हणजे आखडणारे बारीक कप्पे, एकामागोमाग एक जोडलेले असतात, आणि प्रत्येकात एक रस्सीखेच चालू असते. मधे मायोसिनची जाड काडी, म्हणजे ओढणाऱ्यांची रांग समजा, आणि दोन्ही भिंतींपासून आत आलेल्या अ‍ॅक्टिनच्या बारीक दोऱ्या. रांगेतले लोक दोन्ही बाजूच्या दोऱ्या मधे खेचतात. जितक्या हातांना दोरी सापडली तितका जोर, बस, इतकंच आहे.

हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी १९६६ साली बेडकाच्या एकेका स्नायूतंतूवर मोजून दाखवलं. सार्कोमियर ३.६५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ताणला की जोर शून्य, कारण दोरी कुणाच्याच हाताला लागत नाही. तिथून आखूड करत आणा, जोर सरळ रेषेत वाढत जातो, आणि २.२ ते २.० च्या दरम्यान वाढायचा थांबतो. हे मला फार आवडतं. मायोसिनच्या काडीच्या बरोब्बर मधे थोडा भाग बिनहातांचा आहे, दोरी त्याच्यावरून सरकली तरी नवीन हात मिळत नाही! म्हणजे आलेखातला सपाट तुकडा काडीच्या रचनेशी चक्क जुळतो. त्याहून आखूड झालं की दोन्हीकडच्या दोऱ्या एकमेकींवर चढतात, पुढे काडीची टोकं भिंतीला टेकतात, आणि १.२७ च्या आसपास परत शून्य. माणसाची अ‍ॅक्टिनची दोरी बेडकापेक्षा लांब, म्हणून आपला सगळ्यात जोरदार टप्पा साधारण २.६ ते २.८ मायक्रॉनला येतो.

मग खूप ताणलेला स्नायू कडक का लागतो? तो ताण टायटिन नावाच्या स्प्रिंगसारख्या प्रथिनाचा आणि भोवतीच्या आवरणाचा, तो फुकटचा, त्याला मेहनत लागत नाही. रबरवाली कल्पना इथे मात्र थोडी खरी आहे.

जिमला जाणाऱ्यांनो, उभं राहून टाचा उचलता आणि बसून उचलता त्यात फरक का? पोटरीचा वरचा फुगीर स्नायू गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडतो. बसलात, गुडघा वाकला, तो सैल पडला, आता काम मुख्यतः खालच्या सोलियसचं. मशीन बदलायच्या आधी गुडघ्याकडे बघा, मी तर हेच सांगते.

आणि प्लास्टर. पाय दीड-दोन महिने टाच वर, पंजा खाली अशा अवस्थेत राहिला की पोटरी तेवढा वेळ आखूड. मांजराच्या सोलियसवर १९७०च्या दशकात हे बघितलं गेलंय, आखूड स्थितीत बांधून ठेवलेल्या स्नायूने ओळीतले सुमारे ४० टक्के सार्कोमियर कमी केले. म्हणजे रांगच छोटी करून टाकली, जेणेकरून त्या आखूड मापातही उरलेल्या प्रत्येकात दोरी हाताला नीट लागावी. प्लास्टर काढल्यावर पाऊल वर येत नाही म्हणून पेशंट घाबरतात, माझी आईपण घाबरली होती, तेव्हा तिला हेच सांगितलं की तुझा स्नायू बिघडलेला नाही, त्याने नवीन माप शिवून घेतलंय, आता हळूहळू ताणत राहिलीस की तो परत सार्कोमियर जोडेल.