शेतातल्या रांगांचे फोटो आणि मामांना दिसलेला तुटका धागा

नमस्कार मंडळी. आधी हा फोटो बघा. पाच सेकंद नीट बघा, तोवर मी गप्प बसतो.

(स्क्रीनवर डाळिंबाच्या बागेचा फोटो)

हां. हा मागच्या जानेवारीत सांगोल्याच्या बाजूला काढलेला, सकाळची वेळ, डाळिंबाच्या एकसारख्या रांगा पार लांबच्या कडुलिंबापर्यंत गेलेल्या. घरच्या ग्रुपवर टाकला, मित्रांना पाठवला, सगळ्यांचं एकच, एक नंबर, कडक, भारी, अंगठे आणि फुलं. मला बरं वाटलं, का नाही वाटणार. मग त्याचा आठ बाय बाराचा प्रिंट काढून घेतला, घरी टेबलावर ठेवला, आणि संध्याकाळी मामा आले. मामांची तीस वर्षं सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणण्यात गेली. त्यांनी प्रिंट उचलला, खिडकीजवळ नेला, आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं धागा तुटलाय की."

मी बघतच राहिलो, कारण खरंच तिथं एक झाड नव्हतं. रांगेत एक मोकळी जागा, आणि ती फोटोच्या अशा कोपऱ्यात की अर्धी कापली गेलेली. मी तो फोटो पन्नास वेळा बघितला असेल, एडिट करताना झूम करून बघितला असेल, पण मला ती कधी दिसलीच नव्हती.

आज ह्याच्यावरच बोलायचंय. शेतातले पॅटर्न, म्हणजे सरी, रांगा, ओळी, ढेकळं, शेडनेट, ह्यांचे फोटो कसे काढायचे हे तर सांगतोच, पण त्याच्याहून जास्त मला हे सांगायचंय की असा फोटो काढल्यावर तो दाखवायचा कुणाला आणि विचारायचं काय.

मामांना ते का दिसलं ते आधी सांगतो. चादरीत एकच डिझाईन परत परत येतं ना, ते विणताना उभा धागा एक जरी तुटला आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही, तर पुढं जेवढं कापड विणलं जाईल तेवढ्यात ती रेघ उठत जाते. म्हणजे मागावरच्या माणसाचं काम फुलं बघायचं नसतंच, फुलांच्या मधे कुठं काही चुकलंय का ते बघायचं असतं. तीस वर्षं ज्यानं हेच बघितलं त्याला माझ्या फोटोतली चूक दोन सेकंदांत दिसणारच. आणि सोलापुरात असे डोळे गल्लोगल्ली आहेत हो, आपण त्यांना कधी फोटो दाखवतच नाही, आपण दाखवतो कॅमेरेवाल्या मित्राला आणि तो विचारतो लेन्स कुठली होती.

बरं, आता काढण्याविषयी.

आपला भाग सपाट. मंगळवेढ्याची ज्वारीची काळी रानं बघा, नजर जाईल तिथंपर्यंत एकच पातळी. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढला की पुढच्या दोन ओळी दिसतात आणि मागचं सगळं एकात एक मिसळतं. म्हणून थोडं वर चढायला लागतं. ट्रॅक्टरची ट्रॉली, विहिरीचं बांधकाम, शेततळ्याचा भराव, किंवा ज्वारीच्या रानात पाखरं राखायला घातलेला माळा. माळ्यावरून मला मिळालेले फोटो मला सगळ्यात जास्त आवडतात, कारण ती उंची शेतकऱ्याच्याच नजरेची आहे, तो तिथंच उभा राहून गोफण फिरवतो. फक्त विचारून चढा. आणि पिकात घुसू नका, कणसं भरली असतील तर बांधावरूनच काय ते.

ड्रोन आहे त्यांच्यासाठी पटकन. डिजिटल स्काय नावाचा सरकारी नकाशा आहे, उडवायच्या आधी तो उघडून बघा, सोलापुरात होटगी रोडला विमानतळ आहे त्यामुळं त्याच्या आसपास वाटेल तसं उडवता येत नाही, ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात सुद्धा 400 फुटांची मर्यादा आहे. आणि नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे, तिकडं ड्रोन काढूच नका, पाखरांना त्रास होतो. माझं मत विचाराल तर दहा-बारा फुटांवरून रांगांना जी खोली येते ती अगदी वरून येत नाही, वरून सगळं सतरंजीसारखं सपाट दिसतं. सतरंजी पण सुंदर असते म्हणा.

आता उजेड, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळा खेळ ह्याच्यावर आहे.

रांग दिसते कशामुळं? सावलीमुळं. दुपारी बाराला सरीतली माती आणि वरंब्यावरची माती एकाच रंगाची दिसते, पॅटर्न असतो पण फोटोत येत नाही. जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, आणि पाऊण तासात साधारण 10 अंश वर येतो. त्या वेळी सावली वस्तूच्या उंचीच्या साडेपाच पट लांब असते, म्हणजे वीतभर उंच वरंब्याची सावली शेजारची अख्खी सरी भरून टाकते. काळं-पांढरं, काळं-पांढरं, चादरीचा काठच. हा पाऊण तास धरायचा. मे महिन्यात नांगरटीचे फोटो काढायचे असतील तर सूर्य सहाच्या आतच उगवतो, तेव्हा पहाटे अंधारातच निघायला लागेल.

आणि दिशा. हे मला फार उशिरा कळलं. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो हे वर्षातून दोनच दिवस खरं असतं, आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत तो पूर्वेपासून जवळजवळ 25 अंश दक्षिणेला सरकलेला असतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. आता समजा ओळी पूर्व-पश्चिम आहेत, मार्चमध्ये सकाळचा उजेड ओळींच्या लांबीनं वाहून जातो, सावली पडतच नाही, पण तेच रान डिसेंबरमध्ये बघितलं तर उजेड तिरका येतो आणि ओळी उठून दिसतात. उत्तर-दक्षिण ओळी असतील तर सकाळ-संध्याकाळ कधीही जा, उजेड आडवाच लागतो. म्हणून मी आता कुठलंही रान बघितलं की आधी शेतकऱ्याला विचारतो, तात्या, पेर कुठल्या दिशेनं आहे? त्यांना एका शब्दात सांगता येतं, कंपास काढायला लागत नाही.

उभं कुठं राहायचं ह्याचं पण असंच. डाळिंबाची लागण बऱ्याच ठिकाणी 15 बाय 10 फुटांवर असते, म्हणजे सगळी बाग चौकटीची वही. समोरून उभे राहिलात तर सरळ रांगा, पण बांधावरून हळूहळू चालत जा, एक जागा येते की अचानक तिरप्या रांगा जुळतात, आणखी चार पावलं गेलात की त्या मोडतात आणि दुसऱ्याच जुळतात. मी आधी कॅमेरा पिशवीतच ठेवतो आणि नुसता चालतो. जिथं जुळलं तिथं पायानं माती उकरून खूण करतो, मग फोटो.

मोबाईलवाल्यांनी वाईड वापरू नका, त्यानं जवळचं झाड मोठं आणि मागची बाग मुंगीएवढी होते. लांब उभे राहा आणि टू एक्स किंवा थ्री एक्स लावा, म्हणजे रांगा एकमेकींच्या अंगाला आल्यासारख्या दिसतात. फोनला ती लेन्स खरोखरची असेल तर उत्तम, नुसतं बोटानं ताणून मोठं केलं की पानं पिठासारखी होतात. आकाश कापा. आपल्याला सवय असते वरती थोडं आकाश ठेवायची, पण पॅटर्नच्या फोटोत आकाश आलं की नजर तिकडं पळते.

एक भानगड शेडनेटची. तुम्ही पंढरपूरकडं कासेगावला बेदाण्याची शेडं बघितली असतील, हिरव्या जाळीचे थरावर थर, त्यावर द्राक्षं पंधरा-एक दिवस वाळतात, फार सुंदर पॅटर्न आहे तो. पण बारीक जाळीचा फोटो लहान करून बघितला की त्यावर पाण्यासारख्या लाटा दिसायला लागतात, त्याला मोआरे म्हणतात. जाळीच्या रेघा आणि सेन्सरच्या किंवा स्क्रीनच्या पिक्सेलच्या रेघा जवळजवळ सारख्या अंतरावर आल्या की असं होतं. थोडं पुढं-मागं व्हा किंवा कोन बदला, बऱ्याचदा जातं. डाळिंबावर उन्हासाठी पांढरं कापड टाकतात त्याचं विणकाम बारीक असेल तर त्याच्यावर पण येऊ शकतं.

आता परत फीडबॅककडं, कारण मुद्दा तोच आहे.

मामांनंतर मी ठरवलं की ज्याच्या रानाचा फोटो त्यालाच आधी दाखवायचा. मंगळवेढ्याला ज्वारीचा फोटो काढला होता, मालदांडीचं रान, गुडघ्याएवढं पीक, माळ्यावरून. मला वाटत होतं हा निर्दोष आहे. प्रिंट घेऊन गेलो. रानाचे मालक तात्या, त्यांनी मिनिटभर बघितला आणि म्हणाले, "दर तिसरी वळ पातळ हाय बघ. नळी तुंबली हुती आमची, पेरताना ध्यानातच आलं न्हाई." तिफणीला, म्हणजे पेरायच्या अवजाराला, तीन फण असतात, वरच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ धरली की बी तीन नळ्यांतून खाली जातं, मधली नळी मातीनं भरली की तिच्यातून बी कमी पडतं आणि मग रानभर दर तिसरी ओळ विरळ उगवते. मंडळी, मी ते रान "एकसारख्या ओळी" म्हणून काढत होतो आणि तिथं तर दोन दाट एक विरळ, दोन दाट एक विरळ असा ताल होता, तबल्यासारखा! मी दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेलो, थोडा तिरपा उभा राहिलो म्हणजे ती विरळ ओळ उघडी पडेल, आणि तोच फोटो आता माझ्या भिंतीवर आहे.

इटलीत मारिओ जाकोमेल्ली म्हणून एक फोटोग्राफर होऊन गेले, 1925 ते 2000, पेशानं छापखान्यातले, त्यांचे नांगरलेल्या डोंगरउतारांचे काळे-पांढरे फोटो जगभर गाजले. ते काही वेळा शेतकऱ्याला सांगून ट्रॅक्टरनं हवी तशी रेघ ओढून घ्यायचे. फोटो जबरदस्त आहेत, मी तासन्‌तास बघतो. पण मला स्वतःला तसं करावंसं वाटत नाही. तुंबलेल्या नळीची रेघ मी सांगून ओढून घेऊ शकलो नसतो, ती त्या पेरणीच्या दिवसाची आहे.

विचारायचं कसं तेवढं सांगतो. "कसा आहे" विचारलं की माणूस "छान" म्हणणार, कुणाला वाईट वाटायला नको म्हणून. त्याऐवजी प्रिंट हातात द्या, मोबाईल नको, आणि म्हणा, नजर पहिल्यांदा जिथं गेली तिथं बोट ठेवा. बस. मग विचारा, आणि थांबली कुठं? तीन-चार जणांची बोटं वेगवेगळ्या कोपऱ्यात पडली तर समजा नजर भटकतेय, कुठंच धरून ठेवणारं काही नाही. सगळ्यांची एकाच जागी पडली आणि ती जागा तुम्हाला हवी होती तीच असेल तर फोटो झाला. लांबच्या माणसाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ढेकळांची, पानांची बारीक नक्षी आधी मरते, मग समोरचा ज्याच्यावर मत देतो तो तुमचा फोटोच नसतो.

आणि ते बोलत असताना मधे बोलू नका. मला हे अजून जड जातं. मामा बोट ठेवत होते तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं की अहो मामा, ते कोपऱ्यात आहे, कोण बघतंय. बोललो असतो तर ते तिथंच गप्प झाले असते, पाहुण्यासारखे.

तर त्या डाळिंबाच्या फोटोचं पुढं काय झालं. मी परत त्या बागेत गेलो. मालक अण्णा होते, त्यांना ती मोकळी जागा दाखवली. म्हणाले मर रोग लागला होता, झाड आठवड्यात सुकलं, शेजारच्याला लागू नये म्हणून उपटून जाळलं, आता तिथं खड्ड्याला औषध देऊन ठेवलंय, नवीन रोप लावायचंय. मी ह्या वेळी ती जागा मधोमध नाही, जरा उजवीकडं घेतली, बाकी सगळ्या रांगा तिच्याकडं येतील अशी. पाऊण तासात अकरा फोटो काढले, त्यातला हा एक.

(स्क्रीनवर दुसरा फोटो)

ह्याचा प्रिंट अण्णांना दिला. त्यांनी काही न बोलता त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं, आणि बराच वेळ तिथंच ठेवलं. मग म्हणाले, जूनमध्ये ये, तोवर रोप लावलेलं असेल.

जूनमध्ये सूर्य उत्तरेकडून येणार, म्हणजे मला बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायला लागेल. तो फोटो काढला की दाखवतो.