चुकलेल्या उत्तरावरचं हसू

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यातल्या एका मराठी शाळेत मी सहावीला गणित शिकवते. वर्गातल्या मुलांच्या वागण्याचा विषय निघाला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दंगा येतो. वर्ग डोक्यावर घेणारी मुलं, उडणारे खडू, बडवलेली बाकं. त्याचा फटका बसतोच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास शिकवणं ठरवून दिलंय. पस्तीस मिनिटांच्या तासातली पाच मिनिटं वर्ग शांत करण्यातच गेली, तर सातवा हिस्सा गेला. हजारातले १४० हून जास्त तास! पण हे नुकसान निदान दिसतं, मोजता येतं. मला आज बोलायचंय ते एका हसण्याबद्दल.

मागच्या वर्षीचा जुलै. बाहेर पाऊस, खिडक्या लावलेल्या, वर्गात ओल्या दप्तरांचा वास. फळ्यावर बेरीज होती, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. एरवी ती तोंडातून शब्द काढायची नाही. म्हणाली, "बाई, दोन छेद पाच." अंशात अंश मिळवला होता, छेदात छेद. मागच्या बाकावरचा एक मुलगा फिस्सकन हसला आणि पाठोपाठ सगळ्या वर्गात हशा पिकला. ती खाली बसली आणि वहीच्या कोपऱ्यात पेन्सिल गिरवत राहिली. तास संपत आला होता. मी "शांत बसा रे" म्हटलं, पाच छेद सहा हे उत्तर लिहिलं आणि फळा पुसला.

घरी येईपर्यंत चुटपुट लागून राहिली. कारण तिचं उत्तर फार मोलाचं होतं. अर्धी भाकरी ताटात आहे, तिच्यात आणखी तिसरा हिस्सा वाढला, तर ताटातली भाकरी वाढायला हवी ना? आणि दोन छेद पाच तर अर्ध्याहूनही कमी! वाढल्यावर कमी कशी झाली? एवढ्या एका प्रश्नावर अख्खा वर्ग विचाराला लागला असता. छेद समान का करायचे, हे मी दहादा सांगूनही पोचत नाही, ते मुलांनी आपलं आपण शोधलं असतं. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या, तर हसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या वहीत तेच होतं, दोन छेद पाच. त्यांनी ते गुपचूप खोडून फळ्यावरचं उतरवून घेतलं होतं. म्हणजे त्यांचंही शिकायचं राहिलंच.

त्यानंतर हात वर व्हायचे ते नेहमीच्या चार-पाच जणांचे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरं मोठी येतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. मी थांबून पाहिलं. पण त्या तीन सेकंदांत मागून खुसखुस आली की वर आलेला हात परत खाली जायचा.

मग त्या मुलाला शिक्षा करायची? मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना कायद्याच्या कलम १७ नं मनाई आहे. आणि चारचौघांत त्याला खजील केलं असतं, तर त्यानं तिला जे केलं तेच मी त्याला केलं असतं. शिवाय ही सवय एकट्या वर्गात लागत नाही. आईबाबांनो, "एवढं साधं येत नाही तुला?" हे वाक्य आपल्या घरांत दिवसातून किती वेळा ऐकू येतं, ते आठवून पाहा.

हा मुलगा ढोल-ताशा पथकात झांज वाजवतो. गणपतीच्या आधी संध्याकाळी त्यांचा नदीकाठी सराव चालतो. एकदा मधल्या सुट्टीत मी त्याला विचारलं, "तिथे कुणाचा ठोका चुकला तर काय करता रे?"

"हसत नाय बाई कुणी. दादा सगळ्यांना थांबवतो, परत पहिल्यापासून घेतो."

एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. मीही पुढे काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन छेद पाच लिहिलं आणि विचारलं, हे उत्तर कुठून आलं असेल? त्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. तेव्हापासून आमच्या वर्गात उत्तर चुकलं, की ते आलं कसं ते आधी शोधायचं, मग बरोबर काय ते बघायचं. हे दोन दिवसांत अंगवळणी पडलं नाही. मध्येच कुणीतरी हसायचं, की मी खडू खाली ठेवून थांबायचे.

दिवाळीनंतर त्या मुलीनं पुन्हा हात वर केला. उत्तर त्याही वेळी चुकलं. वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तिनं असं का केलं ते मी सांगू?"

ती मागे वळून म्हणाली, "थांब, माझं मीच सांगते."