पन्हळ मे महिन्यात साफ करायची असते

(मुंबईत दादरला झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, चर्चगेटला उतरून क्रॉस मैदानाच्या बाजूला गेलात की भिखा बेहराम विहीर लागते. १७२५ सालची. समुद्र इतका जवळ, तरी पाणी गोडं. मुंबई मुळात बेटांची, आणि बेटावर माणूस टिकतो तो अशा पाण्याच्या जिवावर.

प्रवाळ बेटांवर तर नदी नाही, डोंगर नाही. मुरलेलं पावसाचं पाणी हलकं असतं, म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. ढोबळ हिशेब असा, की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० फूट असतं. पण हाच हिशेब उलटाही चालतो. पंप लावून वरचं एक फूट उतरवलंत की खालून खारं पाणी ४० फूट वर यायला बघतं. विहीर एकदा मचूळ झाली की पुन्हा गोडी व्हायला फार दिवस लागतात.

म्हणून तिथे दुष्काळ यायच्या आधी कळावा लागतो, आणि बऱ्याचदा तो कळतोही. प्रशांत महासागराचं पाणी कुठे तापतंय हे काही महिने आधी दिसतं. मध्य आणि पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा तापलं की त्याला एल निनो म्हणतात, गार पडलं की ला निना. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर एल निनो भरात येऊन गेला की पुढचे महिने कोरडे जातात. १९९७ च्या मध्यालाच, पाऊस पडत असताना, तिथल्या बेटांना इशारा मिळाला होता. सरकारांनी कृतिगट नेमले, लोकांना पाणी जपायला सांगितलं. माजुरोत, म्हणजे मार्शल बेटांच्या राजधानीत, विमानतळाच्या धावपट्टीवरून वाहणारं पावसाचं पाणी तळ्यांत साठवतात. १९९८ मध्ये तेही इतकं खाली गेलं की नळाला पंधरवड्यातून काही तासच पाणी. खारं पाणी गोडं करणारी यंत्रं आणावी लागली. अंदाज बरोबर असूनही हाल झाले, हे मी मुद्दाम सांगतोय. टाकी लहान असेल तर अंदाजाने ती मोठी होत नाही. दिवस तेवढे हातात मिळतात.

आणि एल निनो म्हणजे दुष्काळ, हे समीकरण सोडून द्या. तुवालू या प्रशांत महासागरातल्याच बेटांच्या देशात २०११ ला पाण्याची आणीबाणी जाहीर झाली ती ला निनाच्या काळात. आपल्याकडे १९९७ ला जबरदस्त एल निनो होता आणि मोसमी पाऊस सरासरीइतका झाला. २००९ ला एल निनो त्याहून सौम्य, तरी पाऊस सरासरीच्या ७८ टक्क्यांवर आला. अंदाज शक्यता सांगतो, आणि शक्यतेवर निर्णय घ्यायला आपण कचरतो. माझं दुखणं तेच आहे.

मुंबईला पाणी देणारे आपले सातही तलाव काठोकाठ भरले की साठा सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर, म्हणजे जेमतेम वर्षाचं पाणी. २०२३ चा एल निनो त्या जूनपासून सगळ्यांना ठाऊक होता. पाणीकपात लागली ३० मे २०२४ ला, आधी ५ टक्के, मग ५ जूनपासून १०. जानेवारीत पाच टक्के कमी केले असते तर बादली तेवढी कोणाला रिकामी वाटली नसती.

अलिबागला माझी आजी मे संपता संपता आम्हाला शिडीवर चढवून पन्हळीतला पालापाचोळा काढायला लावायची. पहिल्या दोन सरी वाहू द्यायची, कौलांवरची धूळ आणि पाखरांची घाण जावी म्हणून. मग पागोळ्यांखाली हंडे.

मुंबईत मोठ्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवणं २००२ पासून बंधनकारक आहे. आमच्या सोसायटीतही ती सोय आहे. गेल्या वर्षी वॉचमनला झाकण उघडायला सांगितलं, तर गाळणीच्या वाळूत वीतभर पिंपळ उगवलेला, आणि गच्चीचा पाइप कोणीतरी वळवून थेट गटारात सोडलेला. किती पावसाळ्यांचं पाणी असं गेलं असेल! आम्ही चौघांनी एका रविवारी पिंपळ काढला, वाळू बदलली, पाइप फिरवला. पण तेव्हा जुलै अर्धा उलटला होता. यंदा रविवार मे महिन्यातला ठरलाय, सकाळी सात वाजता, आणि शिडी तळमजल्यावरच्या काकांकडून आधीच मागून ठेवली आहे.